साधना बसली नसती तरी

अकोला,
६ ऑगस्ट २०२४

चि. पौर्णिमा हीस मामाचे आशीर्वाद.

तुझा लेख टपालानं मिळाला. दोनदा वाचला. पहिल्यांदा मामा म्हणून वाचला तेव्हा छाती फुगली. दुसऱ्यांदा मास्तर म्हणून वाचला आणि लाल पेन शोधायला उठलो. फोनच केला असता, पण एक तर माझा डावा कान आता कामातून गेला, आणि दुसरं म्हणजे वाद रंगात आला की तू "बरं मामा, माझा तास आहे" म्हणून फोन ठेवून देतेस. कागद तसा उठून जाऊ शकत नाही, म्हणून लिहितो.

तू इतिहासाची प्राध्यापक, तुमच्या कॉलेजच्या पुस्तकात आपल्या हिवरगव्हाणवर लेख येणार, हे मी चार जणांना सांगून बसलो होतो. ज्या गावच्या शाळेत मी सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं, शेवटची अकरा वर्षं हेडमास्तरकी केली, ज्या गावात माझी सख्खी धाकटी बहीण दिली होती, त्या गावावर तिचीच पोरगी लिहिते. आणि लिहिलं काय? "हिवरगव्हाणात गोडे पाणी येण्याचे निर्णायक कारण म्हणजे २००९ साली साधनाबाईंच्या पुढाकाराने गावातील स्त्रियांनी तहसील कार्यालयासमोर दिलेले एकोणीस दिवसांचे धरणे."

निर्णायक! हा शब्द कोणत्या काट्यावर मोजून घेतला बाई?

पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे, ते काही साधनानं केलं नाही. धरण बांधलं गेलं, भरलं, त्यावरून खारपाणपट्ट्यातल्या गावांसाठी नळयोजना आखली गेली, ती कागदावर होतीच. शेजारच्या चार गावांत एकही बाई कुठं बसली नाही. तिथंही त्याच महिन्यात नळ आला. मग? पाणी शंभर अंशावर उकळतं. शेवटचा अंश ज्यानं दिला त्याचं नाव पाटीवर लावायचं, आणि बाकीचे नव्याण्णव कोणाचे?

मी माझ्या बहिणीला कमी लेखत नाही. पण स्पष्ट लिहितो: साधना बसली नसती तरी नळ आला असता. इतिहास माणसं घडवत नाहीत. जमीन, पाणी, पैसा आणि सरकारी फाईल घडवते. माणूस फक्त फोटोत उभा राहतो. लेख दुरुस्त कर. तुझ्या आईवर माया आहे म्हणून तिच्या डोक्यावर अख्खं धरण ठेवू नको.

तुझा
शालिकराम मामा



अमरावती,
१३ ऑगस्ट २०२४

ती. मामांस सा. न.

पत्र वाचून आधी रडले, मग कपाटातली फाईल काढली. रागानं. वर्गावरही गेले नाही.

काटा विचारता ना? घ्या. योजनेची २००७ सालची यादी माझ्याकडे आहे. त्यात शेजारची चारही गावं आहेत. हिवरगव्हाण नाही. मुळातच नाही. नदीच्या वळणामुळं पाईप दोन किलोमीटर जास्त लागत होता म्हणून वगळलं होतं. २०१० च्या सुधारित यादीत शेवटी, हातानं लिहिलेलं, आपलं गाव आहे. मधे काय झालं? एकोणीस दिवस बाया पाण्याचे रिकामे गुंड घेऊन उन्हात बसल्या. माझी आई, रहिमाबी, आणि तीस-पस्तीस जणी. शेवटच्या अंशाचं बोलता तुम्ही. अहो, आमच्या गावाखाली चूलच नव्हती! ती कोणी पेटवली?

धरण्याच्या चौथ्या दिवशी आईला भोवळ आली होती. तेव्हा कोणाला माहीत होतं की तिच्या किडन्या अर्ध्या गेल्या आहेत म्हणून. उठवायला गेले तर म्हणाली, "मी उठली त साऱ्या उठतीन." नळ २०११ ला आला तेव्हा ती आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अमरावतीला येत होती. गोडं पाणी तिनं पोटभर प्यायलं नाही, कारण तेव्हा तिला पाणीच मोजून द्यायचं होतं. अशा बाईविषयी तिचा सख्खा भाऊ लिहितो की ती फक्त फोटोत उभी राहिली!

मामा, तुम्ही आम्हाला शिकवलंत की निरीक्षण आधी आणि मत मागून. आता तुमचं मत आधी तयार आहे, असं का? तुम्ही इतके चिडलात कशानं, हेच मला समजत नाही. लेखात तुमच्याविरुद्ध एक अक्षर नाही. खरं तर तुमच्याविषयी काहीच नाही. तेच खुपलं असेल तर सरळ सांगा, हेडमास्तरांचंही नाव घालते.

पुढच्या महिन्यात मी गावात जाणार आहे. रहिमाबीची मुलाखत घ्यायची राहिली आहे. बाबा शिवमदादाकडे नांदगाव पेठेला आहेत, बरे आहेत.

पौर्णिमा



अकोला,
२१ ऑगस्ट २०२४

चि. पौर्णिमा,

माझं नाव घालू नकोस. कुठंच घालू नकोस. नावासाठी भांडणारा माणूस मी नाही, एवढंही तुला कळलं नाही याचं वाईट वाटलं.

यादीचं म्हणशील तर २०१० साली बऱ्याच याद्या सुधारल्या. हातानं लिहिलं म्हणजे धरण्यामुळंच लिहिलं हे कशावरून? एकामागून दुसरं घडलं म्हणून पहिल्यानं दुसरं घडवलं असं होत नाही. कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो.

आणि तू एक मोठी चूक करून राहिली. पानाच्या शेवटी लिहितेस, "खाऱ्या पाण्याने या गावातील माणसे मेली." हे कोणत्या डॉक्टरानं लिहून दिलं? किडनी जायला दहा कारणं. वऱ्हाडातलं ऊन, रोजची मजुरी, अंगदुखीच्या गोळ्या, रक्तदाब, तंबाखू. मोठे मोठे डॉक्टर अजून एका कारणावर बोट ठेवत नाहीत. तू कोण ठेवणारी? साधनालाही रक्तदाब होताच की. उद्या कोणी म्हणेल अमुक माणूस असं वागला असता तर तमकी बाई वाचली असती. असं सिद्ध होत नसते! कोनालेच सिद्ध करता येत नाई!

बघ, शुद्ध लिहायला बसलो होतो, पण राग आला की माझी वऱ्हाडी सुटते.

रहिमाबीकडे जाऊ नको. म्हातारी झाली, तिचं काही खरं नाही. आज एक सांगते, उद्या दुसरं. नवरा, गयासुद्दीन, गेल्यापासून ती कोणालाही बोल लावते. तुझा लेख अशा बाईच्या सांगण्यावर उभा करशील तर लोक हसतील.

शालिकराम मामा



अमरावती,
२ ऑक्टोबर २०२४

मामा,

नमस्कार लिहिलेला नाही, तो लिहायचा राहून गेलेला नाही.

मी रहिमाबीकडे गेले होते. तिचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे. तिनं मला चहा दिला, तिच्या सुनेनं, माहेनूरनं, भजी तळली, आणि मग रहिमाबीनं जे सांगितलं ते मी रेकॉर्ड केलं आहे. जसंच्या तसं लिहिते.

"धरनं २००९ ले झालं हे साऱ्याले मालूम हाये. पन आमी बायका त २००४ लेच निंगालो होतो. गयासुद्दीनच्या पायावर सूज आली होती तवा. मी अर्जी लिवून घेतली, कलेक्टरले द्याची म्हनून. वीस बाया तयार होत्या. तुही माय आली अन् म्हने, रहिमा, कायले जातं? माह्या भावानं पानी तपासलं. त्यानं सही करून शाळेच्या फळ्यावर कागद लावला, पानी पिन्यालायक हाये म्हनून. माहा भाऊ झूट लिवन का? बाया म्हने, मास्तर म्हनते त ठीक हाये. साऱ्या घरी गेल्या. मीबी गेली. माह्या मालकाले चार वर्षानं मातीत टाकला."

मी म्हटलं, मामांची चूक झाली असेल, शाळेत तपासायची साधनं किती असतात. तर रहिमाबी हसली. म्हणाली, "चूक झाली असती त तुहा मामा अकोल्याहून रोज पान्याचा डब्बा घेऊन काहून येत होता?"

पाच लिटरचा पांढरा कॅन. मला आठवतो, मामा. एस.टी.तून उतरताना तुमच्या एका हातात बॅग आणि एका हातात तो कॅन असायचा. मी सातवीत होते. एकदा मधल्या सुट्टीत मी त्यातलं पाणी मागितलं. तुम्ही माझा ग्लास भरलात आणि म्हणालात, "कोनाले सांगू नको, साऱ्याले पुरत नाई." मला वाटलं मामा लाड करतात.

तुम्हाला माहीत होतं.

आता मला तुमचा सगळा सिद्धान्त समजला. इतिहास जमीन घडवते, धरण घडवतं, फाईल घडवते. माणूस नको. का? कारण माणसानं काही घडतं असं एकदा मान्य केलं, तर एका माणसाच्या सहीनंही घडतं. साधना बसली नसती तरी नळ आला असता, हे तुम्ही आईविषयी लिहिलंच नव्हतं. ते तुम्ही स्वतःविषयी लिहिलं होतं. शालिकरामनं सही केली नसती तरी माणसं मेलीच असती, असं तुम्हाला माझ्याकडून छापून हवं होतं. माझ्याकडून! तिच्या पोरीकडून!

ती शाळेत खिचडी शिजवायची. त्याच पाण्यात. दोनशे लेकरांसाठी. तुम्ही ऑफिसात बसून कॅनमधलं पाणी पीत होता.

उत्तर द्या. कोंबडा नको, सूर्य नको. उत्तर द्या.

पौर्णिमा



अमरावती,
४ नोव्हेंबर २०२४

मामा,

महिना झाला. फोन उचलत नाही. मामीला विचारलं तर म्हणते, "जेवत नाहीत, काही बोलत नाहीत, तू काय लिहिलंस गं?" मी तिला सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं आहे.

दिवाळी झाली. भाऊबीजेला बाबांनी आईच्या फोटोला हार घातला आणि विचारलं, शालिकरामचा फोन कसा नाही आला यंदा. मी गप्प राहिले. तुमच्यासाठी गप्प राहण्याची ही माझी पहिली आणि शेवटची वेळ.

पौर्णिमा



अकोला,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. पौर्णिमा,

आठ कागद फाडले. हा नववा.

२००३ साली जुने हेडमास्तर निवृत्त झाले. मी प्रभारी झालो. कायम करणं संस्थेचे अध्यक्ष देवरावजी यांच्या हाती होतं. पुढच्या वर्षी अकरावी-बारावीच्या मान्यतेसाठी तपासणी येणार होती. तपासणीच्या कागदात एक रकाना होता: पिण्याचे शुद्ध पाणी उपलब्ध आहे काय.

दहावीच्या पोरांना मी प्रयोग दाखवायचो. बोअरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की परीक्षानळी दह्यासारखी पांढरी व्हायची. पोरांना गंमत वाटायची. मला वाटलं, एकदा नीट आकडा काढू. अकोल्याला ओळखीच्या प्रयोगशाळेत बाटली दिली. एका लिटरात तीन हजार मिलिग्रॅमच्या वर क्षार निघाले. पाचशेपर्यंत चांगलं, दुसरा इलाजच नसेल तर दोन हजार. मी तो कागद देवरावजींच्या टेबलावर ठेवला.

ते म्हणाले, "मास्तर, गाव बापजाद्यापासून हेच पानी पेऊन राहिलं. तुमी कोनता नवा शोध लावला?"

मी म्हटलं, "साहेब, लेकरं पेतात."

ते म्हणाले, "रकान्यात 'नाही' लिहिलं त मान्यता जाते. मान्यता गेली त पोरी दहावीनंतर घरी बसतात, त्याहिचे लग्न होतात. ते पाप तुमी घ्या. अन् कायम व्हायचं हाये न तुमाले?"

शेवटच्या वाक्यावर मी सही केली. पोरींच्या शिक्षणासाठी केली असं मी वीस वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. शेवटच्याच वाक्यावर केली. फळ्यावर कागद लावायचं मलाच सांगितलं होतं. साधनानं तो वाचला. बाया तिनं परत पाठवल्या, हे मला त्याच संध्याकाळी तिनंच सांगितलं. अभिमानानं सांगितलं. "तुह्यावर कोनी बोट दाखवाले नको म्हनून मी साऱ्याहिले चूप केलं, भाऊ." तेव्हा मी तोंड उघडायला पाहिजे होतं. सही करण्यापेक्षा मोठं पाप तिथं झालं. मी चहा पीत बसलो.

कॅन पुढच्या वर्षीपासून सुरू केला.

एक गोष्ट तुला कोणीच सांगितली नसेल, कारण खोलीत आम्ही दोघंच होतो. डायलिसिस चालू असताना ती मला म्हणाली, "भाऊ, तवा पानी चांगलंच होतं न? तुनं तपासलं होतं." मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मंग मागूनच खारावलं असन." आणि डोळे मिटून घेतले. मरणाऱ्या बाईनं मला सोडवलं, आणि मी सुटून आलो.

आता तुला काय छापायचं ते छाप. एवढंच सांग, मी सही केली नसती तर ती वाचली असती का? तू शिकलेली आहेस. तुला काय वाटतं?

शालिकराम



अमरावती,
१ डिसेंबर २०२४

मामा,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचा मला सगळ्यात जास्त राग आला.

मला माहीत नाही. मी कागद शोधले, एका डॉक्टरांना भेटले, त्यांनाही माहीत नाही. कदाचित वाचली असती. कदाचित तिच्या किडन्या आधीच बिघडल्या असतील. २००४ ला बाया गेल्या असत्या तर कदाचित कलेक्टरांनी अर्ज फाईलला लावून ठेवला असता, कदाचित २००७ च्या यादीत गाव असतं. हे सिद्ध होत नाही, हे तुमचं खरं आहे. पण ते सिद्ध होत नाही याच्या आडोशाला मी तुम्हाला बसू देणार नाही.

लेख पुन्हा लिहिला. २००४ सालचा कागद, तुमची सही, तुमचं नाव, सगळं घातलं. विभागप्रमुख म्हणाल्या, "हे घरगुती झालं पौर्णिमा, यात संशोधन कुठं आहे? आणि ती संस्था अजून चालू आहे, नोटीस येईल. तेवढं पान काढ, धरणं ठेव, ते छान आहे." मी म्हटलं, ते पान काढलं तर धरणं खोटं होतं. ते पाच वर्षं उशिरा झालं, आणि का झालं, हाच इतिहास आहे. त्या म्हणाल्या, मग पुस्तकात घेता येणार नाही. मी लेख परत घेतला. दुसरीकडे पाठवीन. कुठंच नाही घेतला तर स्वतः छापून गावात वाटीन.

पण छापून यायच्या आधी हिवरगव्हाणला हे तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. सव्वीस जानेवारीला ग्रामसभा आहे. मी येणार नाही. मी आले तर तुम्ही माझ्याकडे बघून बोलाल. तुम्ही त्यांच्याकडे बघून बोलायचं आहे.

पौर्णिमा



अकोला,
२८ जानेवारी २०२५

चि. पौर्णिमा,

जाऊन आलो.

आदल्या दिवशी मामीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले त कॅनवरूनच मालूम होतं, मी तुमी कवा सांगता हे पाहत होती." चाळीस वर्षांच्या संसारात हे एवढंच बोलली आणि माझ्याबरोबर एस.टी.त बसली.

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात सभा भरली. पन्नास-साठ माणसं असतील, मागच्या बाजूला बाया. सरपंचाला वाटलं गुरुजी उपदेश करणार, त्यानं मला खुर्ची दिली. मी उभाच राहिलो. आकडा सांगितला, देवरावजींचं बोलणं सांगितलं, माझं सांगितलं, साधनानं बाया का परतवल्या ते सांगितलं. देवरावजी तर जाऊन सहा वर्षं झाली, पण त्यांचा पुतण्या उठून गेला. माझे जुने विद्यार्थी खाली मान घालून बसले. एक म्हणाला, "जाऊ द्या सर, आता काय त्याचं. पानी पेलो नसतो त काय पेलो असतो? दुसरं होतं कुठं?" दोन-चार जणांनी माना डोलावल्या. खरं सांगतो, त्या क्षणी मला मोकळं वाटलं. मी बसायला लागलो.

तेवढ्यात रहिमाबी उठली. माहेनूरचा हात धरून उठली.

"मास्तर, बसू नोका. तुमच्या सांगन्यानं पानी आलं असतं का नाई, माहा मालक वाचला असता का नाई, हे अल्लाले मालूम. ते मी तुमाले इचारत नाई. पन माह्या लेकराले मी काय पाजून राहिली, हे मले मालूम असतं. मी नदीवर गेली असती, दूर गेली असती, का तेच पाजलं असतं, तो फैसला माहा होता. तुमी माहा फैसला केला. अन् सोतासाठी येगळा केला."

मला वाटलं ती रडेल, किंवा शिव्या देईल. तिनं दोन्ही केलं नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

मग सरपंचानं पुढचा विषय घेतला. नळाला नऊ दिवस पाणी नाही. लोक पुन्हा बोअरवर जाऊन राहिले आहेत. त्यावर मात्र सगळं पटांगण एकदम तापलं. बाया ओरडायला लागल्या, दोघे भांडले. ठरलं की उद्याच अर्ज द्यायचा. अर्ज कोण लिहिणार? सरपंच सवयीनं म्हणाला, "गुरुजींचं अक्षर चांगलं हाये."

मी लिहिला. गावाचं नाव, तारीख, किती दिवस पाणी नाही, बोअरचं पाणी पिण्यालायक नाही. पहिली सही रहिमाबीची घ्यायची ठरली. मी कागद आणि पेन तिच्यापुढं धरलं. तिनं पेन घेतलं नाही. कागद घेतला आणि माहेनूरजवळ दिला.

"वाच," म्हणाली. "यायनं काय लिवलं ते एकेक अक्षर वाच."

माहेनूरनं साऱ्या सभेदेखत मोठ्यानं वाचला. रहिमाबीनं मधे दोनदा थांबवलं, 'विनंती' खोडून 'मागणी' लिहायला लावलं, पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मग सही केली. तिच्यामागं एकेक बाई आली, आणि प्रत्येकीनं सही करायच्या आधी तो कागद वाचून घेतला. तास गेला. मी तिथंच उभा होतो, पेनचं टोपण हातात धरून.

बरोबर केलं त्यांनी.

शालिकराम